सॉफ्टबॉलमधील खालून फेक : शरीराची ठेवण आणि शिकविण्याचा क्रम

(प्राथमिक शिक्षकांच्या शारीरिक शिक्षण वर्गासाठी भाषण)



सॉफ्टबॉल हा खेळ आता महाराष्ट्रातील शाळांना अपरिचित राहिलेला नाही. शालेय क्रीडास्पर्धांत त्याचा समावेश आहे, आणि फक्कीने आखलेल्या मैदानावर चौदा वर्षांखालील मुलामुलींचे संघ हौसेने उतरताना दिसतात. संघात खेळाडू नऊ असतात. परंतु सामन्याचा पुष्कळसा भार एकाच खेळाडूवर पडतो. तो खेळाडू म्हणजे चेंडू फेकणारा पिचर होय. पिचरचा चेंडू योग्य जागी पडला तर खेळ चालतो. तो इकडेतिकडे गेला तर उरलेल्या आठ जणांना उन्हात नुसते उभे राहावे लागते.

यामुळे अनेक शाळांतून एक प्रकार घडतो. स्पर्धेची तारीख जवळ आली म्हणजे वर्गातील सर्वांत जोमदार हाताची मुलगी निवडली जाते. तिला पूर्ण अंतरावर उभी करून ‘जोरात टाक’ एवढेच सांगितले जाते. पंधरा दिवसांत चेंडू वेगाने जाऊ लागतो आणि सर्वांना समाधान वाटते. महिन्याभराने ती मुलगी खांदा चोळू लागते, आणि पुढील वर्षी तिचे नाव संघात दिसत नाही. मुलीच्या अंगी गुण होता, शिक्षकाच्या ठायी तळमळ होती. उणीव होती ती शिकविण्याच्या क्रमाची. या क्रमाचा विचार करणे हाच प्रस्तुत भाषणाचा हेतू आहे.

एक रूढ गैरसमज

हा खेळ १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरी एका बंदिस्त दालनात सुरू झाला. मुष्टियुद्धाच्या हातमोज्याचा चेंडू आणि काठीची बॅट करून तो प्रथम खेळला गेला, असे सांगतात. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव त्यास १९२६ साली मिळाले. १९९६ ते २००८ या काळातील चार ऑलिंपिक स्पर्धांत स्त्रियांचे सामने झाले, आणि २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते पुन्हा खेळले गेले. खेळ दालनातून मैदानावर आला. तथापि चेंडू खालून फेकावयाचा हा नियम कायम राहिला.

या खालून फेकीविषयी एक समजूत दृढ आहे. डोक्यावरून फेकल्याने खांदा दुखावतो, खालून फेकणे नैसर्गिक असल्याने त्यापासून इजा संभवत नाही, असे मानले जाते. ही समजूत बरोबर नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधील पिचरांच्या चित्रफितींवरून अभ्यासकांनी मोजमाप केले. हात गोल फिरून खाली येताना तो खांद्याच्या सांध्यातून बाहेर ओढला जातो, आणि ही ओढ शरीराच्या वजनाच्या सुमारे ८० टक्के असते, असे त्यात आढळले. लहान मुलींची मोजणी झाली तेव्हा त्यांच्या बाबतीतही हे प्रमाण कमी नव्हते. म्हणजे ३० किलो वजनाच्या मुलीच्या खांद्यावर प्रत्येक वेगवान फेकीच्या वेळी निदान २४ किलोची ओढ क्षणभर पडते. पाण्याने भरलेली बादली हातात धरून गोल फिरविली असता ती हाताला बाहेर खेचते, हा अनुभव सर्वांना आहे. येथे बादलीच्या जागी मुलीचा स्वतःचा हातच असतो.

शिवाय वाढत्या वयातील हाडांची टोके अद्याप पक्की झालेली नसतात. तेथे मऊ कूर्चा असते. वारंवार पडणाऱ्या ताणाचा परिणाम तेथे प्रथम होतो. याचा अर्थ मुलांस हा खेळ शिकवू नये असा नव्हे. अर्थ इतकाच की, हा भार एकट्या खांद्याने उचलता कामा नये. तो सर्व शरीरात वाटला गेला पाहिजे. फेकीचे तंत्र म्हणजे भाराच्या या वाटपाचे तंत्र होय.

फेक निघते कोठून

पिकाची राखण करणारा माणूस माळ्यावरून गोफण फिरवितो ते खेड्यातील प्रत्येक मुलाने पाहिलेले वा ऐकलेले असते. शिक्षकाने फेकीचे स्पष्टीकरण येथूनच सुरू करावे. गोफणीची दोरी ताठ नसते. राखणदार दगडाला ढकलीत नाही. तो पाय रोवून उभा राहतो, अंगाला झोक देतो, दोरी त्या झोकाबरोबर फिरते आणि नेमक्या क्षणी दोरीचे एक टोक सुटताच दगड सुसाट निघतो. खालून फेकीत हात हा गोफणीच्या दोरीप्रमाणे आहे. जोर निर्माण होतो तो पायांत; तो कमरेत येतो, कमरेतून धडात, धडातून खांद्यात, आणि शेवटी सैल हाताच्या टोकाशी चेंडूत उतरतो. या साखळीतील एखादी कडी निकामी झाली की तिचे काम पुढच्या कडीला करावे लागते. पायांनी आळस केला तर त्याची भरपाई खांदा करतो, आणि ही भरपाई कालांतराने महाग पडते.

म्हणून ‘हात जोरात फिरव’ ही सूचना शिक्षकाने वर्ज्य समजावी. ‘मागच्या पायाने जमीन ढकल’ ही सूचना तिच्या जागी योजावी.

शरीराची ठेवण

फेक पाहताना शिक्षकाची दृष्टी स्वाभाविकपणे चेंडूच्या मागे जाते. ती प्रयत्नपूर्वक मुलाच्या शरीराकडे वळविली पाहिजे. उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलाच्या बाबतीत पुढील गोष्टी पाहाव्यात. डावखुऱ्याच्या बाबतीत त्या उलट समजाव्यात. डावखुऱ्या मुलास उजव्या हाताने फेकण्याची सक्ती कदापि करू नये.

पहिली गोष्ट धडाची. चेंडू सुटण्याच्या क्षणी डोके खांद्यांच्या वर आणि खांदे कमरेच्या वर असावेत. धड सरळ, किंवा किंचित मागे रेललेले चालेल; पुढे वाकलेले चालणार नाही. मूल कमरेतून पुढे वाकले की त्याची स्वतःची कंबरच हाताच्या वाटेत येते. मग हात तिला वळसा घालून बाहेरून येतो, चेंडूची दिशा बिघडते आणि खांद्यावर ताण वाढतो.

दुसरी गोष्ट पावलाची. उजव्या पायाने जमीन ढकलून डावे पाऊल कॅचरच्या दिशेने पुढे टाकावयाचे असते. हे पाऊल सरळ रेषेवर पडावे. पावलाचा चवडा अगदी समोरही नसावा आणि अगदी आडवाही नसावा. या दोहोंच्या मधोमध, काहीसा उजवीकडे वळलेला असावा. गुडघा थोडा वाकलेला परंतु खंबीर असावा. धावत्या गाडीला एकाएकी ब्रेक लागला म्हणजे आतील माणसे पुढे फेकली जातात. त्याचप्रमाणे हे पाऊल घट्ट रोवले गेले म्हणजे शरीराचा वेग हातात आणि चेंडूत उतरतो. डळमळत्या पावलावर हा वेग वाया जातो.

तिसरी गोष्ट कमरेची. पाऊल टाकताना अंग उजव्या बाजूस उघडते आणि चेंडू सुटताना ते पुन्हा कॅचरकडे वळू लागते. कंबर वेळेपूर्वीच पुरती समोर वळली तर हाताची वाट पुन्हा अडते.

चौथी गोष्ट हाताची. हात पुढून वर, कानाजवळून मागे आणि मागून खाली असा एका उभ्या वर्तुळात फिरावा. कोपर ताठ करू नये; ते सैल आणि किंचित वाकलेले असावे. चेंडू सुटण्याच्या सुमारास उजव्या हाताचा कोपराखालील भाग कमरेच्या कडेला ओझरता घासून जावा. हा स्पर्श मुलाला स्वतःला जाणवतो, म्हणून तो उत्तम खूण ठरतो. हात अंगापासून दूर गेला की ही खूण चुकते आणि मुलास आपली चूक आपोआप कळते.

पाचवी गोष्ट शेवटाची. चेंडू सुटल्यावर हात मध्येच आवळून थांबवू नये. तो सैलपणे पुढे जाऊन आपोआप विसावू द्यावा. मागचे उजवे पाऊल चवड्याने जमीन घासत पुढे यावे आणि मूल तोल सांभाळून उभे राहावे. फेकीनंतर मूल बाजूला झुकत असेल किंवा अडखळत असेल, तर चूक आधीच कोठेतरी झालेली आहे असे समजावे.

शिकविण्याचा क्रम

संपूर्ण फेक एकदम दाखवून ‘असे कर’ म्हणणे हे मूळाक्षरे न शिकविता परिच्छेद वाचावयास देण्यासारखे आहे. येथे शेवटाकडून आरंभाकडे जाणारा क्रम सोयीचा पडतो. चेंडू सुटण्याचा क्षण हा फेकीचा गाभा असल्याने तोच प्रथम पक्का करावा.

पहिली पायरी : चेंडू धरणे आणि सोडणे. नियमित चेंडूचा घेर १२ इंच, म्हणजे सुमारे ३०.५ सेंटिमीटर असतो आणि वजन सुमारे १८० ते २०० ग्रॅम असते. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तो मावत नाही. अमेरिकेत दहा वर्षांखालील मुलींना ११ इंची चेंडू देतात. शाळेत तो नसल्यास टेनिसचा किंवा चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडू घ्यावा. चेंडू तळहातात न दाबता बोटांवर धरावा. हात लहान असल्यास तीन बोटे वर आणि अंगठा खाली असू द्यावा. भिंतीपासून ३ मीटरवर उभे करून, हात मांडीजवळून थोडासा हलवीत, चेंडू भिंतीवर सोडावयास सांगावे. मनगट सैल असावे. मुद्दाम झटका देण्यास सांगू नये; सैल मनगट योग्य वेळी आपोआप वळते.

दुसरी पायरी : लोलक. हात मागे कमरेइतका न्यावा आणि झोक्यासारखा पुढे आणून चेंडू सोडावा. अंतर ५ मीटर. येथे कमरेला होणारा ओझरता स्पर्श शिकवावा.

तिसरी पायरी : अर्धे वर्तुळ. मुलाच्या उजव्या हाताला उभे राहून पाहिले असता मुलाचे तोंड पाहणाऱ्याच्या उजवीकडे येते. त्याच्या खांद्याशी एक मोठे घड्याळ टांगले आहे अशी कल्पना करावी. समोर ३, डोक्यावर १२, मागे ९ आणि खाली ६. फेकणारा हात काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे ३ वरून १२ वर, तेथून ९ वर आणि शेवटी ६ कडे येतो. या पायरीत हात १२ वर नेऊन थांबवावा, अंग बाजूला वळवावे, आणि तेथून ९ वरून ६ कडे आणून चेंडू सोडावा.

चौथी पायरी : पूर्ण वर्तुळ, प्रथम चेंडूशिवाय. मुलास उजवी बाजू भिंतीकडे करून, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभे करावे आणि हात सावकाश फिरवावयास सांगावे. हात भिंतीला लागला तर वर्तुळ तिरके झाले असे मूल स्वतःच ओळखते. त्यानंतर मोकळ्या जागी चेंडू द्यावा.

पाचवी पायरी : पाऊल. फक्कीने एक सरळ रेषा कॅचरपर्यंत आखावी. उजवे पाऊल तिच्यावर ठेवून प्रथम हातांशिवाय नुसते ढकलणे आणि पाऊल टाकणे शिकवावे. मातीत उमटलेला ठसा रेषेवर आहे की बाहेर, हे मुलांनीच पाहावे. मग पाऊल आणि वर्तुळ एकत्र करावे.

अंतर वाढविण्याची घाई करू नये. स्त्रियांच्या सामन्यात पिचर ४३ फुटांवरून, म्हणजे १३.११ मीटरवरून, आणि पुरुषांच्या सामन्यात ४६ फुटांवरून, म्हणजे १४.०२ मीटरवरून चेंडू फेकतो. दहा वर्षांखालील मुलींसाठी अमेरिकेत हेच अंतर ३५ फूट, म्हणजे सुमारे १०.७ मीटर ठेवलेले आहे. शाळेत ६ मीटरपासून आरंभ करावा. दहापैकी सहा-सात चेंडू भिंतीवरील खडूच्या चौकटीत पडू लागले आणि शरीराची ठेवण बिघडली नाही, तरच एक मीटर मागे जावे. ठेवण बिघडताच पुन्हा पुढे यावे. मागे जाणे हे बक्षीस नव्हे आणि पुढे येणे ही शिक्षा नव्हे, हे मुलांना आरंभीच सांगावे.

चेंडू कोठे गेला त्यावरून निदान

फिरत्या हातातून सुटलेला चेंडू त्या क्षणीच्या हाताच्या दिशेनेच पुढे जातो. हात वर्तुळाच्या अगदी तळाशी असताना चेंडू सुटला तर तो सरळ समोर जातो. उशिरा सुटला तर हात वर चढत असतो, म्हणून चेंडू उंच जातो. लवकर सुटला तर हात अजून खाली येत असतो, म्हणून चेंडू जमिनीवर आपटतो. चेंडू एका बाजूला जात असेल तर पावलाची रेषा आणि हाताचे वर्तुळ तपासावे.

येथे थोडे गणित उद्बोधक ठरेल. दिशेत केवळ एका अंशाची चूक झाली तर १० मीटरवर चेंडू सुमारे १७ सेंटिमीटर बाजूला जातो. होम प्लेटची रुंदी मात्र ४३ सेंटिमीटरच असते. आता हात सेकंदाला १२ मीटर वेगाने ६० सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो असे धरले, तर एक अंशाचे अंतर तो एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ओलांडतो. इतक्या अल्प काळात कोणतेही मूल विचार करून चेंडू सोडू शकत नाही. म्हणून ‘नीट नेम धर’ असे ओरडण्यात अर्थ नाही. एकच हालचाल एकाच ठेवणीत पुन्हा पुन्हा केल्याने अचूकता येते. थकलेल्या शरीराची ठेवण प्रत्येक फेकीला बदलते. तेव्हा थकल्यावर केलेला सराव चुकीचाच सराव ठरतो.

किती फेकावे

प्रथम थोडे धावून, हात सैल फिरवून अंग तापवावे. नवशिक्या मुलाने एका वेळी पूर्ण जोराच्या ३० ते ४० फेकींपलीकडे जाऊ नये आणि आठवड्यातून तीन दिवस सराव पुरेसा मानावा. मधल्या दिवशी खांद्यास विश्रांती द्यावी. फेकींची मोजणी दुसऱ्या मुलाकडे सोपवावी. वहीत रेघा ओढण्याचे हे काम मुले आवडीने करतात, आणि शिक्षकाला मर्यादेचे भान राहते. खेड्यातील पुष्कळ मुली शाळेपूर्वी आणि शाळेनंतर पाणी भरतात, हेही विसरू नये. त्या खांद्याचा दिवस मैदानावर सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही.

‘दुखते का?’ या प्रश्नाचे उत्तर मुलगी बहुधा ‘नाही, गुरुजी’ असेच देते. संघातील जागा जाईल ही भीती तिच्या मनात असते. म्हणून विचारण्यापेक्षा पाहावे. दप्तर एकाएकी दुसऱ्या खांद्यावर आले काय, फळ्याच्या वरच्या भागावर लिहिताना हात लवकर खाली येतो काय, फेकीनंतर ती दंडाची पुढची बाजू चोळते काय, याकडे लक्ष द्यावे. वेणी घालताना हात वर जात नाही, ही गोष्ट आईला प्रथम कळते. आईशी दोन शब्द बोलावेत. अशी खूण दिसताच फेकणे पूर्णपणे थांबवावे, आणि विश्रांतीनेही दुखणे राहिले नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. फेक थांबली तरी खेळ थांबू नये. तिला फेकींच्या मोजणीचे अथवा नवशिक्यांच्या पावलांचे ठसे तपासण्याचे काम द्यावे. ‘दुखते’ असे सांगितल्याने जागा जात नाही हे एका मुलीच्या बाबतीत दिसले की दुसरी मुलगी खरे सांगू लागते.

एक नव्हे, अनेक

या सर्वांवर खरा उपाय एकच आहे. पिचर एकच तयार करू नये. पहिल्या तीन पायऱ्या वर्गातील सर्व मुलामुलींना शिकवाव्यात. त्यांस मोठे मैदान लागत नाही. एक भिंत, खडू आणि चार चेंडू पुरतात. त्यातून चार-पाच मुले पुढील पायऱ्यांकरिता निवडावीत. निवडताना हाताचा जोर पाहण्यापेक्षा सरळ धड, रेषेवरचे पाऊल आणि सूचना ऐकण्याची वृत्ती पाहावी. जोर वयाबरोबर येतोच. चार पिचर असलेल्या शाळेत कोणत्याही एका मुलीच्या खांद्यावर संपूर्ण संघ उभा राहत नाही, आणि दोन मुली आजारी पडल्या तरी सामना अडत नाही.

क्रमाने शिकविणाऱ्या शाळेचा संघ पहिल्या वर्षी कदाचित हरेल. ज्या शाळेने एका मुलीकडून रोज शंभर चेंडू फेकवून घेतले, ती शाळा त्या वर्षी ढालही नेईल. परंतु दोन वर्षांनी दोन्ही शाळांची मैदाने पाहावीत. एका मैदानावर नव्या जोमदार हाताचा शोध पुन्हा आरंभापासून चाललेला असेल. दुसऱ्या मैदानावर पहिल्या वर्षीची मुलगी अजून फेकत असेल, आणि शेजारी उभ्या असलेल्या पाचवीतील मुलीला फक्कीची रेषा आखून देत असेल. प्राथमिक शिक्षकाने या दुसऱ्या मैदानाकडे दृष्टी ठेवून काम करावे.